चॉकलेटचं दालन आणि आत्याचा पाटा

संग्रहालयात नोकरी करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न इतिहासाचा नसतो. तो असतो, "पाणी कुठी आहे हो प्यायचं?" त्याच्या खालोखाल मुतारीचा. तिसरा प्रश्न काचेआडच्या कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून येतो, "हे असली आहे काय?" उभ्या नोकरीत या तीन प्रश्नांची उत्तरं मी न कंटाळता दिली. आजही कुणी स्वप्नात येऊन विचारलं, तर उजवीकडे वळा म्हणून सांगेन.

माझं पद होतं मांडणी सहायक. म्हणजे काय, हे मला घरात कधीच धड सांगता आलं नाही. आम्ही नागपूरचे कोष्टी. आजोबांच्या काळापर्यंत घरात माग चालायचे, वडिलांनी ते बंद होताना पाहिले आणि कापडाच्या दुकानात नोकरी धरली. अशा घरातली मुलगी चित्रकलेची पदविका घेऊन धरमपेठेतल्या एका ट्रस्टच्या लहानशा संग्रहालयात लागली, तेव्हा पाहुण्यांना सांगितलं जाई, "कुसुम अजायबघरात सामान लावते." मला याचा फार राग यायचा. आता वाटतं, इतकी सरळ व्याख्या मलासुद्धा जमली नसती.

सामान लावणं म्हणजे, चालत्या माणसाला थांबवणं. वस्तू डोळ्यांच्या उंचीवर हवी. पण डोळे कुणाचे, सातवीतल्या पोराचे की त्याच्या बापाचे, हे आधी ठरवायला लागतं. खालची पाटी तीन ओळींची, कारण उभ्यानं चौथी ओळ कुणी वाचत नाही. दिवा वस्तूवर पडावा, बघणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. ज्या वस्तूसाठी लोक येणार ती नेहमी सगळ्यात मागे ठेवायची, म्हणजे तिथवर जाताना बाकीचं आपोआप दिसतं. आणि सगळ्यात कडक नियम असा की, खाण्याचा कणही आत येऊ द्यायचा नाही. कण आला की मुंग्या, मुंग्यांमागे पाली, मग उंदीर, आणि उंदरांना जुनं कापड आणि जुना कागद यासारखी मेजवानी नाही. शेंगदाण्याचं एक टरफल फरशीवर दिसलं तरी मी चौकीदाराच्या अंगावर धावून जायची.

लोकही एकेक वल्ली. एक गृहस्थ उन्हाळ्यात रोज दुपारी येऊन शिलालेखासमोर तास न् तास उभे राहायचे. मला वाटलं, अभ्यासक असतील. एकदा मी तो शिलालेख दुसऱ्या भिंतीला हलवला, तर ते तरातरा माझ्याकडे तक्रार घेऊन आले. त्यांना शिलालेखाशी देणंघेणं नव्हतं, त्याच्या डोक्यावरच्या पंख्याशी होतं. आणखी एक खापा गावाकडची म्हातारी आठवते. काचेतला मातीचा रांजण बघून ती म्हणाली, "हे तं आमच्या घरी हाय. याले काचेत काहून ठेवलं वं?" मी सांगितलं की, हे फार जुनं आहे. ती खदखदून हसली. "मंग मलेबी ठेव." पुढे कितीतरी वर्षं मी पाट्या लिहिताना हीच बाई समोर उभी आहे असं समजून लिहीत आले.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक मोठं दालन होतं, बदलत्या प्रदर्शनांसाठी. माझा जीव त्या दालनात होता. पुढच्या खोल्यांतल्या मूर्ती आणि नाणी एकदा बघितली की माणूस पुन्हा दहा वर्षं फिरकत नाही. तो परत यावा म्हणून हे दालन. तिथं मी टपाल तिकिटांची, कुलपांची, मागाच्या फण्यांची प्रदर्शनं मांडली होती. त्यातली काही पडली, काही बरी चालली.

ट्रस्टचे सचिव भाऊसाहेब. इतवारीत त्यांचा कापडाचा ठोक व्यापार. माणूस वाईट नव्हता, पण रिकामी जागा बघितली की त्यांना झोप यायची नाही. त्या काळात साड्यांच्या सेलचं पेव फुटलं होतं. ज्याला चार भिंती आणि एक फाटक, त्यानं सेलला जागा द्यावी अशी हवा होती. भाऊसाहेबांनी संचालक देशकर सरांना साफ सांगितलं, "दालन भाड्यानं देऊन राहिलो. बाईंले वाचनालयात बसवा, पुस्तकायवर नंबर टाकतील."

बाई म्हणजे मी.

देशकर सर हे मऊ बोलणारे, मऊ चालणारे गृहस्थ. तरी त्यांनी त्या दिवशी जोर लावून एक सवलत मिळवली. अजून एक प्रदर्शन. भाऊसाहेबांची अट एकच होती. "शाळेची पोरं रांगेनं आणून मले आकडे दाखवायचे नाहीत. आपल्या पायानं आलेले लोक पाहिजे. तसे आले, तं दालन तुमचं. नाही आले, तं प्रदर्शन संपलं त्या दिवशी रिकामं करून द्या."

आणि हे शेवटचं प्रदर्शन आधीच ठरलेलं होतं: चॉकलेटचा इतिहास. एका परदेशी वकिलातीच्या सांस्कृतिक विभागाकडून ते पेट्यांमधून गावोगाव फिरत होतं. मी तर खूश झाले. चॉकलेट बघायला कोण येणार नाही? आमच्याकडे तेव्हा कागदात गुंडाळलेल्या कुठल्याही संत्र्याच्या नाहीतर लिमलेटच्या गोळीला चॉकलेटच म्हणायचे. खरं तपकिरी चॉकलेट धरमपेठेत दोन-चार दुकानांत मिळे आणि ते घेणारी घरं ठरलेली. बाकीच्या नागपूरला मी ते दाखवणार होते.

पेट्या आल्या त्या भर चैत्रात. वाटेत त्या कुठेतरी उन्हात पडून राहिल्या होत्या, कुठे आणि किती, ते कुणालाच कळलं नाही. आमचे सुतार रामटेके यांनी पहिल्या पेटीचं झाकण उचकटलं, तर आधी दरवळ आला. असा की आम्ही दोघांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून आत पाहिलं.

"मॅडम," रामटेके म्हणाले, "हा तं शेणाचा सडा झाला न."

चॉकलेटचा राजवाडा, चॉकलेटचं गलबत, राजाराणीचे पुतळे, सगळं वितळून एकमेकांत मिसळलं होतं आणि थंड होऊन पुन्हा घट्ट झालं होतं. रस झिरपून निम्म्या चित्रांवर आणि फोटोंवर पसरला होता. देशकर सर आले, त्यांनी पाहिलं आणि बाजूच्या रिकाम्या खोक्यावर बसले. "परत पाठवून देऊ," ते हळूच म्हणाले. "काय मांडणार यात?"

परत पाठवलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यात तिथं साड्या टांगल्या असत्या. मी म्हटलं, "सर, पेट्या नागपूरला आल्यात. त्या मांडल्याशिवाय इथून हलणार नाहीत." मला स्वतःलाच माझ्या आवाजाची भीती वाटली. पण एकदा बोलून गेले आणि मग पदर खोचला.

वाचलं काय होतं? पत्र्याचे साचे, जुन्या पेल्यांच्या नकला, एक भला मोठा नकाशा, थोडी चित्रं, आणि चॉकलेट ज्यांपासून बनतं त्या कच्च्या बियांचं एक अख्खं पोतं. बंदरावरच्या वखारीचा देखावा करायला ते दिलं होतं. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की, या बिया खाण्याजोग्या आहेत, लोकांना हाताळायला आणि चाखायला द्याव्या, परत पाठवू नयेत. बदामाएवढ्या तपकिरी बिया. आणि वाचलेल्या चित्रांत एक चित्र होतं, त्याच्यापुढे मी फतकल मारून बसलेच. मेक्सिकोतली एक बाई गुडघे टेकून बसलेली. पुढ्यात तीन पायांचा उतरता दगड, दोन्ही हातांत आडवा गोल दगड, आणि ती बिया वाटते आहे. दगडाखाली निखारे.

हा पाटा होता. हा वरवंटा होता. पुढे झुकलेली पाठ आणि आखडलेले खांदे मी लहानपणापासून बघत आले होते.

मी देशकर सरांना म्हटलं, "पुतळे गेले तर जाऊ द्या. आपण जिवंत बाई बसवू. लोकांसमोर बिया भाजायच्या, वाटायच्या, चाखायला द्यायच्या."

"संग्रहालयात खाणं?" सर दचकले. "शेंगदाण्याच्या टरफलावरून चौकीदाराला रडवता ना तुम्ही?"

"दालनाच्या मागे ओसरी आहे. ओसरीला भिंत नाही, कपाट नाही. ती संग्रहालयात मोजायची नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरं. नाही मोजत."

आधी मी घरी करून बघितलं. नवा पाटा-वरवंटा विकत आणला, बिया भाजल्या, सोलल्या आणि वाटायला बसले. थोड्याच वेळात माझे हात गळून गेले, आणि जे काही झालं ते दाताखाली कचकच वाजत होतं. हे आपलं काम नाही, हे मला कळलं. कुणाचं आहे, तेही कळत होतं. फक्त तिच्याकडे जायला धीर होत नव्हता.

माझी गंगाआत्या, वडिलांची थोरली बहीण. फार लवकर विधवा झालेली. गोळीबार चौकाच्या बाजूला एका खोलीत राहायची आणि एका सावजी खानावळीचा मसाला वाटून द्यायची. सावजी जेवण ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कोष्ट्यांचा तो काळाभोर मसाला. खोबरं, खसखस, धणे, आणखी काय काय करपेपर्यंत भाजायचं, सोबत मिरची, आणि पाट्यावर इतकं बारीक वाटायचं की रश्श्यावर नुसतं तेल तरंगावं. पहिल्या घासाला नाक गळतं, दुसऱ्याला कान तापतात, तरी माणूस भाकरी मागतो. आत्याची जीभही त्या मसाल्याच्या जातीची होती.

"आत्या, माझ्या ऑफिसात येऊन वाटायचं आहे तुले."

"काय, मसाला?"

"चॉकलेट."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ऊन लागलं काय वं तुले? चाकलेट कोणी वाटते काय? ते तं कागदात येते."

मी तिला एक बी दिली. तिनं चावली आणि थुंकली. "कडू जहर! अन् हे लोक खाते?" तरी दुसरी बी तिनं हातात घेतली, नखानं सोलली, अंगठ्यानं दाबून पाहिली. "तेल हाय याच्यात," ती म्हणाली. मी तिला माझ्या पाट्याची हकिकत सांगितली. ती उसळलीच. "नव्या पाट्याचा कच निघाले किती दिवस लागते, माहीत नाही तुले? लोकायले गोटे खाऊ घालतं काय? माझाच पाटा येईन. दुसऱ्याच्या पाट्यावर माझा हात चालत नाही. अन् आयक, मी तमाशाले बसून नाही राहिली. कोणी वाकडं बोललं, तं तिथूनच उठीन."

मी सगळं कबूल केलं.

उद्घाटनाच्या आधी तिनं पाट्याला मुद्दाम टाकी लावून घेतली. वापरून पाटा गुळगुळीत होतो, तेव्हा छिन्नीनं त्यावर बारीक खाचा पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. मग रामटेके हातगाडी घेऊन गेले. पाटा हातगाडीवर आणि आत्या शेजारून चालत, एक हात दगडावर ठेवून, सगळा रस्ता. गाडीवर बसा म्हटलं तर म्हणाली, "पाटा एकटा घाबरन."

उद्घाटनाला भाऊसाहेब आले, सोबत इतवारीतले त्यांचे दोन-चार व्यापारी स्नेही. दालनात मी उन्हातून वाचलेलं सगळं मांडलं होतं. वितळलेला राजवाडाही टाकला नव्हता. तो गोळा काचेत ठेवून खाली पाटी लावली होती, "नागपूरच्या उन्हात वितळलेला राजवाडा." भाऊसाहेब कशापुढेही न थांबता सरळ ओसरीवर गेले.

ओसरीवर आत्या वाटत होती. चित्रातल्या बाईला दगडाखाली निखारे लागत होते, आम्हाला नागपूरचं ऊन पुरेसं होतं. पाटा आधीच तापलेला. ज्या उन्हानं आमच्या पेट्या बुडवल्या, तेच आता कामाला आलं. बियांचा आधी भुगा झाला, मग भुग्यानं तेल सोडलं, आणि बघता बघता पाट्यावरून काळीभोर चकचकीत धार उतरू लागली. "पाह्य वं," आत्या स्वतःशीच म्हणाली, "कसं पाझरून राहिलं." त्यात साखर पडली. मी पळसाच्या पानाच्या द्रोणात पहिला घोट भरला आणि रीतीप्रमाणे भाऊसाहेबांच्या हाती दिला. पाहुण्यांच्या आधी आम्ही कुणी चाखायचा प्रश्नच नव्हता, आणि आत्या तर त्या कडू जहराला जीभ लावायला तयार नव्हती.

भाऊसाहेबांनी बोट बुडवून चाखलं. मान हलवली. दुसरं बोट चाटलं. मग त्यांचा चेहरा आक्रसला, कान लाल झाले आणि असा ठसका लागला की द्रोण हातातून पडला. त्यांनी रुमाल तोंडाला लावून सगळं त्यात थुंकलं. "मिरची! कोणी टाकली मिरची?"

व्यापारी स्नेही हसायला लागले, आणि तिथंच सगळं बिनसलं.

"मिरची कुठी आहे?" आत्या म्हणाली. मग थांबली. "टाकी लावल्यावर पहिली मूठ मिरचीची वाटली होती. दगडाचा कच निघाले. ते फेकलं, पाटा धुतला. सफाईसाठीच तं मिरची वाटली!"

मसाला वाटणाऱ्या बायकांचा हा नेमच. टाकी लावली की पहिली मूठ मिरचीची, ती कच घेऊन जाते, मग पाटा स्वच्छ. एरवी त्यावर मसालाच वाटायचा असल्यामुळे मागे उरलेल्या तिखटाचं कुणाला काही वाटत नाही. आणि पाण्यानं पाटा कितीही धुतला, तरी नव्या खाचांत बसलेलं तिखट तेलाशिवाय सुटत नाही. ते तेल आता बियांनी दिलं होतं.

भाऊसाहेबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. आपली चारचौघांत थट्टा केली, असंच त्यांना वाटलं. "उद्यापासून हा तमाशा बंद. बाईले घरी पाठवा," म्हणाले. देशकर सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अन् दालनाचं तं आता समजलंच तुमाले." ते गेले, त्यांच्यामागे पाहुणे गेले.

तमाशा हा शब्द आत्यानं ऐकला होता. तिनं वरवंटा बाजूला ठेवला आणि पाट्यावर फडकं टाकलं, एखाद्या तान्ह्याला झाकावं तसं. "गाडी बोलव वं, कुसुम," एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या हट्टासाठी मी तिला घरातून काढून इथं आणलं आणि परक्या माणसाचं बोलणं ऐकवलं. अंगाचा तिळपापड होत होता, आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात मला ती ओळ आठवली.

पेट्यांसोबत आलेल्या मूळ इंग्रजी मजकुरात होतं की, चॉकलेट ज्यांनी शोधलं ते मेक्सिकोतले जुने लोक ते गोड खातच नव्हते. बिया वाटून, पाण्यात मिसळून, त्यात मिरची घालून पीत होते. साखर फार पुढे आली. मी ते मराठीत लिहिलं होतं, पण देशकर सरांनी खोडलं. "हे नको. लोक म्हणतील, संग्रहालयवाले सावजींची टिंगल करतात." मीही पाट्या तीन ओळींत बसवायच्या म्हणून फार भांडले नव्हते.

मी सरांकडे गेले. "सर, मिरचीची ओळ परत लावते."

सरांनी तो खोडलेला कागद शोधून काढला. मग म्हणाले, "बारीक अक्षरात नको. मोठी पाटी करा. फाटकावरसुद्धा लावा."

"आणि भाऊसाहेब?"

"प्रदर्शन संपेपर्यंत दालनात काय ठेवायचं, ते संचालक ठरवतो. त्यांना मी सांगतो." आणि त्यांनी खरंच सांगितलं. टेलिफोनवर त्यांचा आवाज कापत होता, पण वाक्य त्यांनी पूर्ण केलं. त्या दिवसापासून मला हा मऊ माणूस फार आवडायला लागला.

आत्याला समजावणं त्याहून कठीण. मी तिला हाताला धरून चित्रापुढे नेलं. "ही बाई मिरची घालूनच वाटत होती."

"खोटं."

"तुझी शप्पथ."

ती चित्राकडे बघत राहिली. आधी दगड बघितला, मग बाईचे हात, मग गुडघे. "मंग तुमी साखर कायले घालून राहिले?" ती ओसरीकडे वळली. "मिरची घालायची तं नीट घालीन," ती म्हणाली. "पाट्यात राहून गेलेली मिरची कायची? आण, चार सुक्या मिरच्या आण. अन् त्या भाऊले सांग, तमाशा नाही म्हणावं. काम हाय."

फाटकावर रामटेकेंनी फळी ठोकली, मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तिखट चॉकलेट. सगळ्यात जुन्या रीतीचं. इथंच वाटलेलं." त्याखाली हिंदीतही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजचे तीन टवाळ पोरगे, हसायला. आत्या वाटत होती, मी माशा हाकलत होते. तिच्यासमोर तोंड पाडायची सोय नव्हती. मग तिच्या खानावळीचा मालक आला, आपली मसालेवाली रोज दुपारी कुठे जाते ते बघायला. त्यानं चाखलं, नाक पुसलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची अर्धी गिऱ्हाइकं हजर! त्यांच्यामागे इतवारीतले टेम्पोवाले आणि हमाल, मग आमच्या कोष्टीपुऱ्यातल्या बायका घोळक्यानं, मग उमरेडहून पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी धरमपेठेतली मंडळी. ती तर दारातच राहत होती.

ओसरीवर रोज वाद. "एवढं तिखट नाही बावा. आमच्या घरची तर्री जास्ती." "थोडं थांब, मागून चढते ते." एका म्हाताऱ्या कोष्ट्यानं फार गंभीरपणे मत दिलं, "सगळं बरोबर हाय. फक्त याच्यात मटण पायजे होतं." धरमपेठेतल्या एका बाईंनी विचारलं, "साधं गोड नाही का?" आत्या मान वर न करता म्हणाली, "गोडाचं दुकान चौकात हाय, ताई." त्या बाई दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन आल्या.

आणि ओसरी मागच्या अंगाला असल्यामुळे प्रत्येकाला दालनातूनच जावं लागे. नकाशा, साचे, पेले, वितळलेला राजवाडा. पोरं त्या राजवाड्याच्या काचेला नाक लावून उभी राहत, वितळलेल्या गोळ्यात राजा कुठे, राणी कुठे ते शोधत. बायका मात्र चित्रापाशी थांबत. चित्र बघून ओसरीवर जात, आत्याला बघत, आणि पुन्हा उलट्या पावली चित्रापाशी येत. त्यातल्या एकीनं आत्याला विचारलं, "ते फोटोतली बाई तुमची कोण वं?"

"बहीण," आत्या म्हणाली आणि वाटत राहिली.

मला तिथं उभं राहवलं नाही. आत जाऊन मी उगाच काचा पुसत बसले. माझ्या आत्यानं जन्मभर दुसऱ्याच्या जेवणाला चव दिली आणि तिच्या हातांकडे कुणी थांबून बघितलं नव्हतं. आता माणसं ओळीनं उभी राहून बघत होती. त्या दिवसांचा तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. लोकांच्या वस्तू जपणाऱ्या संग्रहालयात कॅमेऱ्याला रीळ नव्हतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

शेवटच्या दिवशी भाऊसाहेब येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी पोत्याच्या तळाशी ओंजळभर बिया उरल्या होत्या. रांग ओसरीपासून निघून सगळ्या दालनाला वळसा घालून फाटकाबाहेर गेली होती. देशकर सर दाराशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षेच्या दिवशी असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

भाऊसाहेब आले. एकटेच. रांगेच्या बाजूनं, लोकांना हातानं बाजूला सारत, सरळ ओसरीवर आत्यापुढे येऊन उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते काहीतरी बोलणार एवढ्यात आत्या वाटता वाटता म्हणाली, "लाइनीत या गा, भाऊ. लोक सकाळपासून उभे हायेत."

रांगेत काही इतवारीचे लोक होते, ते भाऊसाहेबांना ओळखत होते. ते माना उंचावून बघू लागले. आत्यानं भाऊसाहेबांना ओळखलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी आता मध्ये पडून आत्याला गप्प करावं, अशी ती नजर होती. मी ठरवलं, नाही पडणार. दालन गेलं तर गेलं. मी नजर हटवली नाही.

ते वळले, आणि चालत चालत फाटकाबाहेर जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि तिच्याबरोबर भाऊसाहेब. इतकी वर्षं ज्या दालनात ते फक्त जागा बघत होते, त्यातली एकेक वस्तू आता त्यांच्यापुढे येऊन थांबत होती आणि त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला. नकाशा वाचला. साच्यांपुढे शेजारच्या हमालाला काहीतरी विचारलं, त्यानं हातवारे करून समजावलं. राजवाड्याची पाटी वाचून ते एकटेच हसले. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले, इतका की मागच्यानं "सरका न भाऊ" म्हटलं.

त्यांची पाळी आली तेव्हा पाट्यावर फारसं काही नव्हतं. आत्यानं तळहातानं पाटा निपटून काढला आणि द्रोण त्यांच्या हाती दिला. त्यांनी सगळा खाल्ला, सावकाश. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. खिशातून रुमाल निघाला तेव्हा मला उद्घाटनाचा दिवस आठवला. त्यांनी डोळे पुसले, तोंड पुसलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचं कशाचं लावून राहिले?"

पुढचं काहीच ठरलं नव्हतं. तसा विचारसुद्धा मनात आणायची माझी हिंमत झाली नव्हती.

"मिठाचं," तोंडाला आलं ते मी म्हटलं.